आज रेषा सुट्ट्या

अख्ख्या घणसोली गावात समुद्राच्या हवेचा नकाशा वाचता येणारा माणूस एकच, तो म्हंजे मी. समुद्रात मात्र मी आयुष्यात एकदाच उतरलोय, मेव्हण्याचा गणपती बुडवायला, गुडघाभर पाण्यात. गणपती व्यवस्थित गेला, पण त्याच्या मागोमाग माझी एक चप्पल गेली आणि दुसरी हातात धरून मी अनवाणी घरी आलो.

धंदा माझा पंक्चरचा. महाप्याच्या कंपन्यांकडं वळायच्या जरा आधी रोडला लागून टपरी हाय. एक कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं, दोन-चार लिव्हर, आणि वर लटकवलेलं जुनं टायर, तोच आमचा बोर्ड. मास्तर म्हणायचे, याच्या डोक्यात नुसती हवा भरलीय. चौथीत मी शाळा सोडली आणि पुढं तोच धंदा केला. मास्तर भेटले असते तर पाया पडलो असतो, एवढं बरोबर भविष्य कोणी सांगितलं नाय मला.

आमी मूळचे माण तालुक्यातले. वडील माथाडीकामाला इकडं आले आणि घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहिले. मी पण भाड्याच्याच खोलीत राहतो. प्रगती एवढीच की ते तळमजल्यावर होते, मी पहिल्या मजल्यावर हाय. आमच्या खानदानात पाण्यामागं पळालेले लोक भरपूर, पण ते टँकरच्या मागं, कळशी घेऊन. पाण्यावर गेलेला पहिला माणूस म्हंजे आमचं पोरगं.

पोरगं एकुलतं एक. बारावी झाल्यावर म्हणालं, मला शिपवर जायचंय. मी म्हटलं, आयटीआय कर. बायको म्हणाली, त्या काचेच्या बिल्डिंगीत बघ, गळ्यात कार्ड असतंय, एसी असतोय. आता बायकोनं सांगितलेलं तरी पोरगं थोडं ऐकायचं, पण माझं ऐकायची आमच्या घरात पद्धतच नाय. मी म्हटलं आज फ्लॉवर नको, की समजायचं ताटात फ्लॉवर. बायको ऑफिसवाल्यांना पोळी-भाजीचे डबे करून देते. त्या डब्यांत काय असावं यावर मी लग्नापासून सल्ले देतोय, आणि गिऱ्हाईक टिकून हाय, म्हंजे बघा एकपण सल्ला तिनं घेतलेला नाय.

तर पोरगं शिपच्या कोर्सला गेलं. कॅडेट व्हायचं होतं त्याला, म्हंजे शिकाऊ साहेब. वर्षभराचा अभ्यास. त्यात हवामानाचा एक पेपर होता. त्याच्या सरांनी सांगितलं की धडा पक्का करायचा असेल तर ज्याला काहीच कळत नाय अशा माणसाला समजावून सांगा. असा माणूस शोधायला पोरग्याला घराबाहेर जावं लागलं नाय.

पहिल्या दिवशी त्यानं माझ्यासमोर एक कागद पसरला. मला वाटलं कोणीतरी कांदा आडवा कापून ठसा मारलाय. गोलात गोल, गोलात गोल, मधे कुठं एल लिहिलेलं, कुठं एच.

"पप्पा, हा समुद्र हाय."

"पाणी कुठं हाय?"

"पाणी नाय दाखवत यात. हवा दाखवतात. एकाच वेळी सगळीकडं हवेचा दाब किती हाय ते मोजतात, आणि सारख्या दाबाच्या जागा रेषेनं जोडतात."

"दाब!" मी नीट बसलो. ही तर माझ्या दुकानातली गोष्ट निघाली. "किती हाय?"

"एक हजार तेरा."

"कुठलं टायर हाय हे? ट्रकला पण शंभर-सव्वाशेच्या वर भरत नाय आपण!"

पोरगं हसून हसून आडवं झालं. आतून बायको म्हणाली, "अभ्यास चाललाय का तमाशा?"

"माप वेगळं हाय पप्पा. तुमच्या गेजवर पंधराला जरा कमी भरेल."

"पंधरा? म्हंजे पृथ्वी पंक्चर हाय की."

पण त्याला सांगायची हातोटी होती, हे मान्य करावं लागेल. तो म्हणाला, एच म्हंजे जास्त भरलेलं टायर, एल म्हंजे बसलेलं टायर. हवा कुठून कुठं जाणार? मी म्हटलं, भरलेल्याकडून बसलेल्याकडं, हे काय विचारणं झालं. तो म्हणाला, बस, यालाच वारा म्हणतात. मी चाळीस वर्षं वारा खाल्ला, पण वारा म्हंजे काय ते तेव्हा कळलं. मग त्यानं रेषांवर बोट ठेवलं. दोन रेषांमधे जागा भरपूर असली तर हवा आरामात चालते. रेषा एकमेकीला चिकटून आल्या की समजायचं मोठा दाब आणि छोटा दाब अगदी शेजारी हायत, मग वारा सुसाट.

"म्हंजे रेषा सुट्ट्या, तर माणूस सुखी," मी म्हटलं.

"शंभरपैकी शंभर," तो म्हणाला. मला शंभर मार्क देणारा तो पहिला आणि शेवटचा.

अजून बरंच सांगितलं त्यानं. वारा एचकडून एलकडं सरळ नाय जात, वळसा घालून जातो, कारण पृथ्वी फिरते. मी म्हटलं, मी बीअर पिऊन आलो की तुझ्या आईच्या बाजूनं कसा भिंतीभिंतीनं जातो, तसा. नकाशावर बारक्या काठ्या असतात, त्यांना पिसं असतात. एक पीस म्हंजे इतका वारा, दोन पिसं म्हंजे तितका. मला ते बोंबलाच्या काट्यासारखं दिसायचं. जेवढे काटे जास्त, तेवढं वाईट. आणि एक गोष्ट त्यानं दोनदा सांगितली, माझ्या डोक्यात तेव्हा ती घुसली नाय. म्हणाला, "नकाशा शिळा असतो पप्पा. मोजलं, काढला, छापला, तोवर हवा पुढं गेलेली असते. आणि तो फक्त हवेचा असतो. बाकी काय त्यात येत नाय."

एका संध्याकाळी तो मला गच्चीवर घेऊन गेला. घरमालकीण आजीनं तिथं जवळा वाळत घातलेला, त्यातून वाट काढत आमी उभे राहिलो.

"वाऱ्याकडं पाठ करा. आता डावा हात पसरा. हां. तुमचा हात जिकडं हाय, तिकडं एल. जगात कुठंपण उभे राहा, वाऱ्याला पाठ दिली की डाव्या हाताला कमी दाब."

मी हात पसरून उभा. हात तळवलीच्या टॉवरकडं गेला होता.

"कुठंपण?"

"आपल्या अर्ध्यात. पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात उलटं. तिथं उजवा हात."

"आणि अगदी मधोमध उभं राहिलं तर?"

"तर हात खिशात घालायचे. तिथं हा नियम चालत नाय."

खालून आजी ओरडली. म्हातारी आगरी, जुन्या घणसोलीची, तिच्या आवाजाला माईक लागत नाय. "अरं कोन हाय वर? माज्या जवल्याव पाय नको देव!"

पोरगं पास झालं. मी मात्र नापास झालो तो सगळ्या गावासमोर. मे महिना होता. मोबाईलवर पोरग्यानं मला सरकारी नकाशा लावून दिला होता, तो मी रोज उघडायचो. एक दिवस बघतो तर वरच्या बाजूला मोठा एल, भोवती गोल गोल रेषा. मी टपरी बंद करून गावात आलो आणि सांगत सुटलो, वादळ येतंय. आजीला गच्चीवरचा सगळा जवळा गोळा करायला लावला, अर्धा ओला, पिंपात भरून झाकण लावायला लावलं. नाक्यावरच्या मंडपवाल्याला कापड उतरवायला लावलं. आणि मग चार दिवस असं ऊन पडलं की डांबर चपलेला चिकटत होतं. पोरगं घरी आल्यावर त्यानं नकाशा बघितला आणि कपाळाला हात लावला. तो एल पाकिस्तानच्या वाळवंटावर होता. जमीन तापली की असा एल दरवर्षी बसतो म्हणे, त्यातून पाऊस नाय, नुसती धग. मी ढगफुटी सांगितली होती, निघाली भट्टी. पिंपातला जवळा सडला आणि त्या वासानं मला आठवडाभर माफी मागायला लावली. आजी येता-जाता म्हणायची, "ये रं हवामान! आज कोनाची मासली नासवाची?"

मग पोरगं शिपवर गेलं.

ज्या दिवशी गेलं त्या दिवशी आजी वर आली आणि बायकोजवळ बसली. म्हणाली, "बाय, आमचेत रीत हाय. ज्याचा मानूस पान्यान, त्याचे घरचा दिवा देवलान. गावदेवीला रोज दिवा लाव. पोर परत येयपरत चुकवू नको."

आमी माणातले लोक, आमच्या देवाला पाण्यातलं काय कळतंय, तो पण टँकरचीच वाट बघणारा. म्हणून बायकोनं इथली देवी धरली. रोज दिवेलागणीला डबे पोचवून झाले की ती वातीची डबी आणि तेलाची बाटली घेऊन देवळात जायची. तिचा गुडघा तेव्हाच दुखायला लागला होता. देवळाच्या पायऱ्या ती एकेक पाय ठेवून चढायची.

आणि माझं काम नकाशा. पोरग्यानं सांगून ठेवलं होतं की शिपवर रोज नेट मिळत नाय, मधे मधे दिवसच्या दिवस फोन येणार नाय, टेन्शन घ्यायचं नाय. फक्त शिप कुठं हाय तेवढं तो कळवायचा. मग मी टपरीत बसून, ग्रीसचा हात पँटला पुसून, तिथला नकाशा काढायचो. बोटांनी मोठा करायचो. तिथं कुठं माझं पोरगं असेल असं धरून त्या ठिकाणी नख टेकवायचो. मग रेषा बघायचो, जवळ का लांब. काठ्यांचे काटे मोजायचो.

संध्याकाळी बायको दारातच विचारायची, "आज कसं हाय?"

"रेषा सुट्ट्या," मी म्हणायचो.

ती मान हलवायची आणि चपला घालायची. रेषा चिकटलेल्या असल्या तर मी खोटं बोलायचो नाय, म्हणायचो, "आज जरा दाटी हाय." त्या दिवशी ती देवळात जास्त वेळ थांबायची आणि रात्री तिची भाकरी ताटात तशीच राहायची. मी मनात म्हणायचो, नवरा चौथी नापास असून बायको त्याच्या तोंडून समुद्राची खबर घेते, म्हंजे आपण काहीतरी झालो. खरं सांगायचं तर मला त्याचा माज आला होता. टपरीवर गाडी घेऊन येणाऱ्या ऑफिसच्या पोरांना मी फुकट सांगायचो, प्रशांत महासागरात आज काय चाललंय. एकजण म्हणाला, "काका, मागच्या चाकात काय चाललंय तेवढं सांगा."

एकदा फोन आला तेव्हा पोरगं म्हणालं, "पप्पा, आता मी खालच्या अर्ध्यात हाय. न्यूझीलंडवरून लाकडाचे ओंडके भरलेत, गुजरातला आणायचेत. आता उजवा हात."

"उजवा," मी म्हटलं. "तिथं पण दिवस-रात्र बरोबर हाय ना? का ते पण उलटं?"

"आईला द्या फोन," तो म्हणाला.

त्या दिवशी टपरीवर वाऱ्याला पाठ करून मी उजवा हात पसरून उभा राहिलो. तो वारा महाप्याचा, एल होता त्याच्याकडचा, याचा एकमेकाशी काय संबंध नाय हे मला पण कळत होतं. तरी उभा राहिलो. एक रिक्षा येऊन थांबली. "कुठं?" म्हणाला. मी म्हटलं, "ऑस्ट्रेलिया." शिवी देऊन गेला.

ऑस्ट्रेलियाच्या खालच्या समुद्रात रेषा फार वाईट असतात. तिथं अडवायला जमीनच नाय म्हणे, वारा नुसता गोल गोल पळतो. निळे दात असलेल्या लांब रेषा एकामागून एक येतात, म्हंजे थंड हवा धडका मारत येते. त्या दिवसांत मी पंक्चर काढताना ट्यूब घमेल्यात बुडवायचो आणि बुडबुडे बघतच बसायचो, गिऱ्हाईक ओरडेपर्यंत. बायकोनं तेव्हा विचारणंपण बंद केलं होतं, माझ्या तोंडाकडं बघायची आणि जास्तीची वात घ्यायची.

मग एका सकाळी मोबाईल वाजला. पोरग्यानं फोटो पाठवला होता. शिपवर एक मशीन असतं, त्यातून नकाशा छापून बाहेर येतो, त्या नकाशाचा फोटो. एक मोठा एच. इतका मोठा की त्याच्या रेषा कागदाच्या कडेला जाऊन टेकलेल्या. आणि त्या एचच्या जवळ पेन्सिलनं बारीक फुली, म्हंजे त्यांचं शिप. खाली लिहिलं होतं, "पप्पा, आज रेषा सुट्ट्या. पाणी तेलासारखं हाय."

मी तो फोटो सगळ्यांना दाखवला. चहावाल्याला दाखवला. एका बाईंच्या स्कूटीत हवा भरता भरता त्यांना दाखवला. दुपारी जेवायला घरी गेलो आणि बायकोला म्हटलं, "बघ. तुझ्या पोरानं स्वतः पाठवलाय. असा नकाशा मी आजवर बघितला नाय."

ती परातीत कणीक मळत होती. मान वाकडी करून तिनं बघितलं. तिला त्यात काय दिसलं देवाला माहीत. तिचा गुडघा त्या दिवशी टम्म सुजला होता, पाय लांब करून बसली होती.

मी म्हटलं, "आज देवळात नको जाऊ. गुडघा बघ. आज समुद्र झोपलाय. देवीला पण एक दिवस सुट्टी दे."

ती कणीक मळत राहिली. मी जेवलो आणि टपरीवर गेलो. रात्री उशिरा आलो तेव्हा ती झोपली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी टपरीसमोर पांढरी गाडी थांबली. एक माणूस आणि एक बाई उतरले, दोघं नीटनेटक्या कपड्यांत. मी घमेलं पुढं ओढलं आणि विचारलं, "पुढचं का मागचं?"

ते दोघं एकमेकांकडं बघायला लागले.

मी चारी चाकं बघितली. चारी चाकं नीट होती.

त्या माणसानं माझं नाव विचारलं. मग पोरग्याचं नाव घेऊन विचारलं, तुमी त्याचे वडील का. पोरग्याला ज्या ऑफिसनं शिपवर पाठवलं होतं, तिथून ते आले होते. बाई म्हणाल्या, "काका, आपण जरा बसू या का?" बसायला माझ्याकडं एकच स्टूल. मी ते त्यांना दिलं आणि मी टायरवर बसलो.

काय झालं ते तेव्हा माझ्या कानात शिरलं नाय. पुढं पोरग्याबरोबर त्याच शिपवर असलेला एक कॅडेट घरी आला होता, तो बायकोच्या पायाशी बसून सांगून गेला, तेव्हा कळलं. शिपच्या पोटात जिथं ओंडके भरतात, तिथं उतरायला एक अरुंद शिडी असते. झाकण लावून ठेवलं की आत ते लाकूड हवा खातं. लाकूड हवा खातं, हे मला तीस वर्षं हवेचा धंदा करून माहीत नव्हतं. बाहेरून बघितलं तर आत काहीच नाय, ना धूर, ना वास. एक खलाशी कशाला तरी खाली उतरला आणि पडला. आमचं पोरगं वर होतं. तो पडलेला दिसला म्हणून ते खाली उतरलं. थांब, थांब, असं वरून कोणीतरी ओरडलं, तोवर ते उतरलं होतं.

आत हवा नव्हती. बस, एवढंच.

बाहेर हवा होती. तेवढी हवा अख्ख्या महिन्यात कुठं नव्हती. एवढा मोठा एच, काठोकाठ भरलेला. मी माझ्या हातानं जन्मभर लोकांची टायरं भरली. ट्रक भरले, सायकली भरल्या, पोरांचे फुगे फुकट भरून दिले.

त्या दिवशी घरी माणसं जमली. गावाकडून माणसं आली. सगळे म्हणत होते, वादळात गेलं पोरगं, समुद्र कोणाचा नसतो. मला ते सहन होईना. मी म्हणायला लागलो, वादळ नव्हतं. मी मोबाईल काढला. एका पाव्हण्याला दाखवला, हे बघा एच, हे बघा रेषा, किती लांब हायत. त्याला कळेना. मग मी टपरीतला खडू खिशात होता तो काढून फरशीवर गोल काढायला लागलो. मोठा गोल, त्याच्या बाहेर मोठा गोल. म्हटलं, हे इथं शिप, इथं वारा नाय, पाणी तेलासारखं. मेव्हण्यानं माझा हात धरला. मी म्हटलं, सोड, ह्यांना समजलं पायजे, वादळ नव्हतं. बायको भिंतीला टेकून बसली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती, त्या गोलांकडं बघत होती. फरशी पुसायला नंतर कोणीच पुढं आलं नाय. दोन-तीन दिवसांत पायांनीच ती पुसली गेली.

पेटी यायला पुष्कळ दिवस लागले. कागदपत्रं, सह्या, या देशाचा शिक्का, त्या देशाचा शिक्का. तेवढे दिवस मी काय केलं? नकाशा बघितला. माणूस बिनडोक असला की असाच असतो. पोरगं बर्फात ठेवलेलं, कुठल्याशा बंदरात, आणि बाप रोज त्या बंदरावर नख टेकवून बघतोय रेषा जवळ हायत का लांब. एक दिवस तिथं फार दाटी होती, काठ्यांना काटेच काटे. मी घाबरून बायकोला सांगायला उठलो आणि दारात आल्यावर कळलं की आता कोणाला सांगायचं आणि कशाला.

देवळातला दिवा बंद झाला. आजी वर यायची, बायकोच्या केसांना तेल लावून द्यायची. मला पण ती "हवामान" म्हणायची बंद झाली. गावात आता कोणी मला पाऊस विचारत नाय. टपरीवर माणसं आली की मी जोक मारतो, ती हसत नायत. मी ज्याच्यावर हसवायचो तो माणूस, म्हंजे मीच, त्यांना आता दया करण्यासारखा वाटतो. विनोदी माणसाचं यासारखं वाईट काय नाय.

आणि माझ्या छातीत एक गोष्ट अडकून बसली होती, खिळा आत राहिलेल्या टायरसारखी. वर वर चालत होतं. आजीनं सांगितलं होतं, चुकवू नको. इतके दिवस बायकोनं चुकवलं नाय. आणि मी, एक कागद बघून, चार रेषा लांब दिसल्या म्हणून, तिला म्हटलं सुट्टी दे. जवळा सडवला तेव्हा आजीनं तोंडावर सांगितलं होतं, तुला काय कळत नाय. तरी मी शहाणपणा केला. नकाशात लाकूड नव्हतं, शिडी नव्हती. पोरग्यानं दोनदा सांगितलं होतं की बाकी काय त्यात येत नाय. बायकोनं एका शब्दानं मला काय म्हटलं नाय. ती मला काय म्हणत नाय, याचाच अर्थ तिला ते माहीत हाय, असं मी धरलं होतं. तिच्या समोर बसून मी जेवायचो नाय. पोळी घेऊन टपरीवर जायचो.

असा उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला. मग एक दिवस दिवेलागणीला मी लवकर घरी आलो. ती खाली बसून दुसऱ्या दिवसाच्या डब्यांची भाजी निवडत होती, पाय लांब करून. लाईट अजून लावली नव्हती. मी मोबाईल बघत होतो. आणि काय झालं कोण जाणे, तिनं न विचारताच माझ्या तोंडून गेलं, "आज रेषा सुट्ट्या."

तिचा हात थांबला. मग परत चालू झाला.

मी म्हटलं, "ऐक. मला बोलायचंय."

"बोला की."

"त्या दिवशी मी तुला म्हटलं दिवा नको लावू."

"व्हय."

"आजीनं सांगितलं होतं चुकवू नको. माझ्यामुळं चुकला. मी त्या नकाशाच्या नादानं..." एवढा बडबड्या माणूस मी, लग्नात माईक घेऊन उखाणे सांगणारा, माझी हवा संपली.

ती बघत राहिली माझ्याकडं. किती तरी महिन्यांनी सरळ बघितलं तिनं. मग खाली बघून एक देठ मोडला.

"लावला व्हता," ती म्हणाली.

"काय?"

"दिवा. त्या दिशी. तुमी टपरीवर गेला, मी पोळ्या केल्या, आन् गेले की. गुडघा लई दुखत व्हता. आजीच्या नातीनं धरून वर चढवलं. दोन वाती लावल्या."

बाहेर कोणाचीतरी बाईक चालू होत नव्हती, नुसती किक मारत होता. मला वाटलं होतं हे ऐकून माझ्या छातीवरचं ओझं उतरेल. ते नाय उतरलं. दिवा होता. रेषा पण सुट्ट्या होत्या. दोन्ही होतं. मग आता कोणाकडं बोट दाखवायचं?

तरी माणूस मूर्ख तो मूर्खच. मी म्हटलं, "पण मी नको म्हटलं होतं ना?"

तिनं निवडलेली भाजी पातेल्यात टाकली, कचरा पदरात गोळा केला आणि भिंतीला धरून उठली.

"आवं," ती म्हणाली, "तुमचं ऐकून मी आजवर कवा काय केलंय?"